न आलेल्या स्वारीची दुसरी प्रत

दिगंबर खांबेट्यांचा कॉम्प्युटर बंद पडला तो हयगयीमुळे नव्हे, काळजी जरा जास्तच घेतल्यामुळे. पुढे कोलकात्यातल्या अर्ध्या बागबाजारानं त्यांना ‘तुम्ही काहीतरी भलतंच दाबलं असणार’ असं सुनावलं. त्यांनी भलतंसलतं काही दाबलं नव्हतं. त्यांनी फक्त ‘होय’ दाबलं होतं.

तीन आठवडे पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन येत होता: अपडेट तयार आहे, आत्ता करायचं की नंतर? खांबेटे रोज ‘नंतर’ दाबत आणि रोज त्यांना चुटपुट लागे. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, टेबलावर काही प्रलंबित राहिलं की त्यांना जेवण जात नसे. शेवटी शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी शिस्तीत सगळी खबरदारी घेतली, चष्मा पुसला, ‘होय’ दाबलं आणि ते चहा प्यायला गेले. अपडेट शंभर टक्के झालं. कॉम्प्युटर आपला आपण बंद झाला, आपला आपण सुरू व्हायला गेला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन पांढऱ्या ओळी दाखवून थांबला. पहिलीत लिहिलं होतं, बाहेरून जोडलेली डिस्क काढा. दुसरीत लिहिलं होतं, मग कुठलंही बटण दाबा.

खांबेट्यांनी बटण दाबलं. त्याच दोन ओळी पुन्हा आल्या. ‘कुठलंही’ म्हटल्यावर त्यांनी दुसरं दाबून पाहिलं, तिसरं पाहिलं, आणि मग पहिल्या रांगेपासून सुरुवात करून ओळीनं सगळी बटणं दाबली. फॉर्मवरच्या सूचना न वाचता सही ठोकणाऱ्या गिऱ्हाइकांना ज्यांनी उभ्या आयुष्यात कधी सोडलं नाही, त्या खांबेट्यांनी पहिली ओळ वाचून सोडून दिली होती, एवढंच इथे नोंदवून पुढे जाऊ.

आता कॉम्प्युटर काय, कुणाचेही बिघडतात. पण या कॉम्प्युटरच्या पोटात नाटक होतं. ‘न आलेली स्वारी’, तीन अंकी, एकशे त्रेचाळीस पानं, नऊ वर्षांची मेहनत. मराठे येतील या धास्तीनं कोलकात्याच्या लोकांनी एके काळी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं एक टोक इथेच, बागबाजाराला. मराठे या शहरापर्यंत आलेच नाहीत, खंदकही पुढे बुजला, पण ‘बर्गी येतील’, म्हणजे मराठे येतील, अशी भीती घालून मुलांना झोपवण्याची पद्धत मात्र बंगाली घरांतून गेली नाही. बुजलेल्या खंदकापासून चार पावलांवर तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या खांबेट्यांना वाटे, आपली बाजू कुणीतरी मांडायला हवी. म्हणून त्यांनी वाट चुकलेला एक मराठा सुभेदार आणि खंदक खणणारी कादंबिनी नावाची एक बंगाली विधवा अशी जोडी जमवली होती.

इथल्या मराठी मंडळानं हे नाटक दोनदा साभार परत केलं होतं. लांबी फार, असं कारण होतं. यंदा मात्र सांस्कृतिक चिटणीस श्रीकांत साठ्ये यांनी गणेशोत्सवात बुधवारी एक तास अभिवाचनाला दिला होता. ‘‘खांबेटेसाहेब, सोमवारी तालमीला संहिता हातात हवी,’’ त्यांनी बजावलं होतं. ‘‘नाहीतर अंताक्षरी ठेवू. लोक अंताक्षरीच मागतायत.’’ अडुसष्टाव्या वर्षी आपलं नाटक साठ माणसांसमोर वाचलं जाणार, या एका गोष्टीवर खांबेटे दोन महिने जगत होते. त्याच्या जागी लोक ‘म’ आला, ‘म’ आला म्हणून ओरडत बसणार, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

‘‘सरला, नाटक गेलं,’’ ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले.

सरलाबाईंचा जन्म कोलकात्याचा, माहेर बालीगंजचं. तीस वर्षं शाळेत मुलं सांभाळल्यामुळे त्यांना एकदम घाबरायची सवय नव्हती. ‘‘गेलं म्हणजे कुठे जाईल? प्रणवबाबूंना बोलवा,’’ त्या म्हणाल्या.

प्रणवबाबू समोरच्या दारचे. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, आणि जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल मत असलेले. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सगळी बटणं पहिल्यापासून पुन्हा दाबली. मग यंत्र थंड होऊ द्यावं म्हणाले. थंड झाल्यावर त्याला एका अंगानं दोन चापट्या द्याव्यात म्हणाले, कारण त्यांच्या वडिलांचा रेडिओ असाच सुरू व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या बोउदीनं, म्हणजे वहिनीनं, ते ओलीनं झालंय, तांदळाच्या डब्यात ठेवा, असं सुचवलं. एवढा तांदूळ कुणाच्याच घरी नसल्यामुळे तो उपाय बारगळला. ‘‘खांबेटेबाबू, वाईट वाटून घेऊ नका,’’ जाताना प्रणवबाबू म्हणाले, ‘‘पण बर्गींची बाजू मांडायला गेलात, तर या जागेत असं काहीतरी व्हायचंच.’’

मग बंगळूरच्या मुलीला फोन लावला. चैत्रालीचं मराठी कोलकात्यात वाढलेलं, त्यामुळे घाईत ते थोडं लंगडतं, पण प्रश्न तिनं नेमका विचारला. ‘‘बाबा, त्याला बाहेरून काही लावून राहिलंय का? मागे वगैरे बघितलंत?’’

‘‘चैत्राली, मी शाखा चालवली आहे,’’ खांबेटे म्हणाले. ‘‘काही लावून ठेवून विसरणाऱ्यातला मी नव्हे.’’

मागे बघायचं म्हणजे वाकायचं, टेबलाखालचा तो अवजड डबा भिंतीपासून ओढायचा आणि मुलीसमोर कंबर धरून उभं राहायचं. फोन व्हिडिओवर होता. खांबेटे वाकले नाहीत. शिवाय त्यांच्याजवळ हुकमी पत्ता होता, आणि तो आठवल्यावर त्यांचा चेहरा उजळला. बँकेत तिजोरीच्या किल्लीची दुसरी प्रत नेहमी दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. त्याच शिस्तीनं नाटकाची दुसरी प्रत एका पेन ड्राइव्हमध्ये घालून त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली होती.

शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ते शाखेत हजर झाले. ही त्यांची स्वतःची शाखा. इथूनच ते निवृत्त झाले, हार घेतला, भाषण केलं. लॉकरच्या टेबलावर एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी वहीतली सही पाहिली, कॉम्प्युटरवरची पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘सर, सही जुळत नाही.’’

‘‘या शाखेत दहा वर्षं माझ्याच सहीनं कामं झाली,’’ खांबेटे म्हणाले.

‘‘हो सर. पण जुळत नाही.’’ त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एक पाटी होती: सही न जुळल्यास कृपया कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. ही पाटी खांबेट्यांनीच लावून घेतली होती. मजकूरही त्यांचाच. ‘कृपया’ घालावं की नाही यावर त्या वेळी त्यांनी दोन दिवस विचार केला होता. त्यांनी मुकाट्यानं पुन्हा सही केली. मग पुन्हा. सहा सह्या नापास झाल्या. सातव्या वेळी त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि ती सही तंतोतंत जुळली, कारण नोकरीत असताना ते सगळ्या सह्या त्याच मनःस्थितीत करत असत.

लॉकर उघडला. ‘न. आ. स्वा. – प्रत दुसरी’ असं लिहिलेलं पाकीट जागेवर होतं. आत पेन ड्राइव्ह नव्हता. एक चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात, दहा दिवसांपूर्वीची तारीख घातलेली: ‘प्रत अद्ययावत करण्यासाठी घरी नेली आहे. काम होताच परत ठेवणे. दि. खां.’ चिठ्ठी अगदी नियमाला धरून होती. खांबेट्यांनी ती दोनदा वाचली आणि स्वतःवर कारवाई करता येत नसल्यामुळे घडी घालून खिशात ठेवली.

म्हणजे पेन ड्राइव्ह घरात होता. शनिवारची दुपार घर शोधण्यात गेली. कपाट, गादीखाली, देव्हाऱ्याचा खण, औषधांचा डबा, सगळं उलथंपालथं झालं. हरवलेली कात्री सापडली, चैत्रालीची पाचवीची प्रगतिपुस्तकं सापडली, पेन ड्राइव्ह सापडला नाही. ‘‘तूच कुठेतरी आवरून ठेवला असशील,’’ खांबेटे म्हणाले. संध्याकाळी सरलाबाईंनी दिलेल्या चहात आलं नव्हतं.

शेवटी ते कोपऱ्यावरच्या पोल्टूदाच्या दुकानात गेले. पोल्टूदा कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि त्याच्या हाताला गुण आहे, असं गल्लीत सगळे सांगतात. या वेळी तो दुकानाच्या पायरीवर बसून पेचकस, पकडी, चिमटे साबणानं धूत होता. खांबेट्यांनी काळा पडदा आणि दोन पांढऱ्या ओळी यांचं साद्यंत वर्णन केलं. गल्लीतल्या सगळ्या काकांना ‘मेशोमशाय’ म्हणणाऱ्या पोल्टूदानं ते मन लावून ऐकलं.

‘‘मेशोमशाय, दुखणं एक तर अगदी लहान असणार, नाहीतर फार मोठं,’’ तो म्हणाला. ‘‘पण उद्या विश्वकर्मा पूजा. हत्यारं धुतली, आता ती पूजेला बसणार. सोमवारी विसर्जन, त्यानंतर मी गावी. गुरुवारी येतो.’’

‘‘नुसतं येऊन बघायला काय हरकत आहे?’’

‘‘बघितलं की हात शिवशिवतात,’’ पोल्टूदा म्हणाला. तो विषय तिथे संपला.

घरी येऊन खांबेट्यांनी एकूण बंगाली कार्यसंस्कृतीवर बरंच तोंडसुख घेतलं. सरलाबाईंनी ते पुरं होऊ दिलं. मग म्हणाल्या, ‘‘खंडेनवमीला तुम्ही मला विळीला हात लावू देत नाही. केळी खाऊन राहतो आपण. तो काय वेगळं सांगतोय?’’ खांबेटे म्हणाले की ते वेगळं.

रविवारी सकाळपासून गच्च्यांवर पतंग आणि गल्लीत लाऊडस्पीकर. दहाच्या सुमाराला प्रणवबाबू नवी कल्पना घेऊन आले. आज रिक्षावाले रिक्षा सजवतात, छापखानेवाले मशिनला हार घालतात. मग आपणही कॉम्प्युटर पोल्टूच्या दुकानातल्या देवासमोर का नेऊ नये? खांबेट्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण तालीम उद्यावर आली होती आणि बुडत्या माणसानं फार प्रश्न विचारायचे नसतात. दोघांनी मिळून पडदा उचलला. तीन मजले उतरले. वाटेत प्रणवबाबूंचा पाय मांज्यात अडकला, खांबेट्यांची चप्पल दुसऱ्या मजल्यावरच राहिली, आणि एका पायात चप्पल घातलेले माजी शाखाधिकारी काळाठिक्कर पडदा पोटाशी धरून साऱ्या गल्लीसमोरून चालत गेले. पोल्टूदानं पडद्याला कुंकू लावलं, एक झेंडू वाहिला आणि मग हळूच म्हणाला, ‘‘मेशोमशाय, हा नुसता टीव्ही. कॉम्प्युटर वर घरीच राहिलाय.’’

खांबेटे पडदा घेऊन परत तीन मजले चढले. चप्पल नेहमीच्या जागी ठेवली. मग ते कॉम्प्युटरच्या खुर्चीत न बसता स्वयंपाकघरात पाटावर जाऊन बसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षं, ते म्हणाले. बायकोसमोर ते रडत नसत, वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

सरलाबाई गणपतीसाठी पूजेची उपकरणी चिंचेनं घासत होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला नाही. ‘‘कागद आणा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि पेन. चष्मा पुसून घ्या. लिहा. अंक पहिला. पहाट. खंदकाच्या काठावर कादंबिनी एकटी. हातात कुदळ.’’

खांबेटे बघतच राहिले. नऊ वर्षं ते प्रत्येक पान लिहून झालं की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्यानं वाचत. ही बाई तेव्हा मेथी निवडत असे, कणीक मळत असे, मानही वर करत नसे. हिचं लक्ष नसतं असं त्यांनी धरून टाकलं होतं. आणि आता ती तांब्या घासता घासता वाक्यामागून वाक्य सांगत होती, कुठे अडखळत नव्हती.

‘‘थांब,’’ दोन पानांनंतर खांबेटे म्हणाले. ‘‘इथे सुभेदाराचं स्वगत होतं. अकरा पानांचं.’’

‘‘होतं. ते सुरू झालं की मी कुकर लावायला उठायचे.’’

‘‘आणि सरदारांचा दरबार? चौथाईची चर्चा?’’

‘‘तेव्हा दूध तापवायची वेळ व्हायची.’’

असं करत करत नाटक पुढे सरकलं. जे जे कुकर, दूध, इस्त्रीवाला आणि चैत्रालीचा फोन यांत सापडलं होतं ते गेलं. उरलेलं खांबेटे उतरवून घेत होते. मध्येच कादंबिनी सुभेदाराला म्हणाली, ‘तुम्ही येणार म्हणून आम्ही इतकं खणलं. न येऊन तुम्ही आमचं काय केलंत, हे कधी विचारलंत?’ खांबेट्यांचं पेन थांबलं.

‘‘हे वाक्य माझं नाही, सरला.’’

‘‘नाही?’’ सरलाबाईंनी समई उचलली. ‘‘मग माझं असेल. तुमचा सुभेदार फार बोलायचा. ती बिचारी नुसती उभी. म्हणून मी मनात तिच्या वतीनं उत्तरं द्यायचे. इतक्या वर्षांत कुठलं तुमचं नि कुठलं माझं, ते आता मला सांगता नाही यायचं.’’

उन्हं उतरेपर्यंत अठ्ठावीस पानं झाली आणि नाटक संपलं. बाहेर कुणाचा तरी पतंग कटला आणि गच्च्यांवर एकच गलका झाला. खांबेट्यांना वाटलं, हे आपलं नाटक नव्हे. पण हातात काहीच नसण्यापेक्षा बरं, म्हणून सोमवारी ते शोभाबाजारहून मेट्रो पकडून तालमीला गेले. श्रीकांत साठ्ये उभ्यानं पहिलं पान वाचू लागले, पाचव्या पानाला खाली बसले आणि अठ्ठाविसाव्याला म्हणाले, ‘‘खांबेटेसाहेब, हे तुम्ही लिहिलंत?’’ त्यांच्या सुरात आश्चर्य जरा जास्त होतं, पण खांबेट्यांनी ते मनावर घेतलं नाही.

बुधवारी हॉल भरला. मंडळातल्या मंजुषानं कादंबिनी वाचली. लोक हसायच्या ठिकाणी हसले, आणि ‘न येऊन तुम्ही आमचं काय केलंत’ या वाक्याला खुर्च्यांत पुढे सरकून बसले. मराठीचं अक्षर न कळणारे प्रणवबाबू शेवटी उठून खांबेट्यांना कडकडून भेटले आणि बर्गींना आपल्यापुरती माफी देऊन मोकळे झाले. साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. खांबेटे नमस्कार करत होते आणि त्यांची नजर तिसऱ्या रांगेत होती. तिथे सरलाबाई पर्समध्ये मेट्रोचं कार्ड शोधत होत्या.

गुरुवारी पोल्टूदा आला. त्यानं दोन पांढऱ्या ओळी एकदा वाचल्या. पहिलीही वाचली. मग तो टेबलाखाली शिरला, डबा भिंतीपासून ओढला, मागे हात घालून काहीतरी उपटलं आणि एक बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. पेचकस खिशातून बाहेरसुद्धा आला नव्हता.

‘‘हा मागे राहिला होता,’’ तो म्हणाला. ‘‘यंत्र आपलं सोडून यातूनच सुरू व्हायला बघत होतं.’’ त्यानं खांबेट्यांच्या तळहातावर पेन ड्राइव्ह ठेवला. वर चिकटपट्टीचा तुकडा होता, आणि त्यावर बारीक अक्षरात ‘प्रत दुसरी’. शुक्रवारी ‘होय’ दाबण्याआधी घेतलेली खबरदारी ती हीच. पोल्टूदा भला माणूस, त्यानं फक्त चहाची तारीफ केली आणि तो गेला.

खांबेट्यांनी नाटक उघडलं. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस पानं शाबूत होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मोठ्या प्रेमानं सुभेदाराचं स्वगत काढलं आणि वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर त्यांच्या मनात आलं, कुकरच्या शिट्या झाल्या का? ते दचकले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी दुसऱ्याच पानावर दूध आठवलं.

तेवढ्यात साठ्यांचा फोन आला. मंडळाचं ठरलं होतं. दिवाळीत ‘न आलेली स्वारी’ रंगमंचावर आणायची, पूर्ण प्रयोग, नेपथ्यासकट. ‘‘तुमची मूळ संहिता सापडली असेल तर तीच घेऊ,’’ साठ्ये म्हणाले. ‘‘शेवटी लेखकाचा शब्द. कॉम्प्युटर झाला का नीट?’’

नऊ वर्षं खांबेटे याच फोनची वाट पाहत होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, कोपऱ्यात रविवारचं कुंकू अजून होतं. मग फोन कानाशी धरूनच ते वाकले. कंबरेत कळ आली, ती त्यांनी येऊ दिली. पेन ड्राइव्ह त्यांनी होता तिथे मागे पुन्हा खोचला आणि कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. काळा पडदा आला, दोन पांढऱ्या ओळी आल्या.

‘‘नाही हो,’’ खांबेटे म्हणाले. ‘‘अजून तसाच आहे. मूळ संहिता गेली ती गेली. आहे हीच घ्या. फक्त पहिल्या पानावर दोन नावं टाका. सरला खांबेटे, मग मी.’’

फोन ठेवून त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला आणि ते स्वयंपाकघरात गेले. सरलाबाई पडवळ चिरत होत्या. ‘‘पोल्टू नीट करून गेला ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘गेला,’’ खांबेटे पाटावर बसत म्हणाले. ‘‘दिवाळीला प्रयोग करायचाय. पूर्ण नाटक हवंय त्यांना. सुभेदार निघून गेल्यावर कादंबिनी काय करते, ते राहिलंय. तू मनात काय म्हणायचीस तेव्हा?’’

सरलाबाईंनी विळी बाजूला सरकवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. खांबेट्यांनी पेनाचं टोपण काढलं.

‘‘कुकर लावायचा असेल तर आधी लावून घे,’’ ते म्हणाले. ‘‘मी थांबतो.’’